स्टोव्हपोथीचं पारायण

कोथरूड, पुणे
नागपंचमी, २९ जुलै २०२५

ती. कौशल्याबाईंना धाकट्या जावेचा, गोदाचा नमस्कार.

पहिली आली ती समोरची जया, हे काय सांगायला पाहिजे? पोथीची वेळ झाली की तिच्या चपला आमच्या दारात, आणि चपलांच्या आधी तिची नजर आमच्या ओट्यावर, की आज प्रसादाला काय. तिच्या मागून मंदाकिनी लाह्या घेऊन आली, मग वरच्या मजल्यावरच्या दोघी, आणि सगळ्यात शेवटी, कुणीही न बोलावलेले, सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ. ते आत येत नाहीत. उंबऱ्याशी उभे राहतात, तपासणीला आल्यासारखे.

तुम्ही म्हणाल, गोदाकडे कसली पोथी लागली. बाई, त्याचंच तर नवल. आपली राजनंदिनी, माझ्या संतोषची लेक, कंप्युटरच्या नोकरीत आहे खरी, पण वेड तिला दोनच. एक पुस्तकांचं. ती पुस्तकंही काय, तर धंद्यांचे इतिहास. कुणी साबण काढला, कुणी सायकली काढल्या, कुणाच्या तीन पिढ्यांनी गिरणी वाढवली आणि चौथीनं कशी घालवली. बहुतेक इंग्रजी. मराठी दोन-तीनच, त्यातलं एक हाती आलं. एका माणसानं गोठ्याएवढ्या खोलीत पंपाचे पितळी स्टोव्ह करायला घेतले आणि त्याचा केवढा कारखाना झाला, त्याची गोष्ट. कपाट पुसायला म्हणून मी ते काढलं, पहिलं पान बघितलं, आणि फडकं हातात घेऊन तिथंच बसले. दूध उतू गेलं. सुनेनं, नम्रतेनं, ते भांडं जरा जोरात घासलं.

आता माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन सगळं पोथीवर झालेलं, त्यामुळे काहीही वाचायला घेतलं तरी पोथीच्याच चालीवर येतं, अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्यानं. श्रावण लागला त्या दिवशी जयानं ते बाहेरून ऐकलं आणि येऊन हात जोडून बसली. अध्याय सुरू असताना उठू नये, बोलू नये, म्हणून मीही थांबले नाही. संपल्यावर तिनं पुस्तकाला नमस्कार केला आणि विचारलं, कुठल्या देवाचं आहे. मी म्हटलं, स्टोव्हचं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, उद्या याच वेळेला ना?

तेव्हापासून रोज समई लावते. चौरंग मांडते. बाया सांगतात, मन लागतं.

राजनंदिनीचं दुसरं वेड म्हणजे ड्रम. विलायती ढोल, एकाला पाच जोडलेले. चौघांचा बँड आहे, त्यात गाणारा गंधार. फुंकर मारली तर उडेल असा मुलगा, मांजरासारखा पावलं न वाजवता घरात येतो आणि तोंड उघडलं की आतून रेडा बोलतो. पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे वाजवलं तेव्हा दीनानाथ वर आले आणि मला अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आजी, आपल्याकडे कुणी गेलं का? खालपर्यंत आक्रोश ऐकू आला, म्हटलं भेटून यावं."

बाई, या ना तुम्ही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तर हा कागद. तुमचा ज्ञानदेव भाजीचा टेम्पो घेऊन येतो तेव्हा त्याच्या हाती देते. त्याच टेम्पोत बसून या. पोथीला बसा.

तुमची गोदा


लोणी काळभोर
५ ऑगस्ट

गोदे, आशीर्वाद.

पत्र पोचलं. एवढ्या पानांत कामाच्या चार ओळी होत्या, त्या शोधून वाचल्या. स्टोव्हला हळदकुंकू वाहतेस की नाही, ते तेवढं राहिलं.

कोथरूडला येणं होणार नाही. गुडघा धरलाय.

दुसरं. यंदापासून महालक्ष्म्या तू ने. थोरली म्हणून सासूबाईंनी मुखवटे माझ्या हाती दिले होते. आता तू सांभाळ. पेटी पुसून ठेवली आहे. गेली दोन वर्षं दार लावून उरकलं मी, ना बायांना बोलावणं, ना रात्रीची गाणी. देवी जेवायला येते आणि घरात कुणी बोलत नाही, हे बरं दिसत नाही. तुझ्याकडे बायांची ये-जा आहे. तिकडेच शोभतील.

एक विचारायचं होतं. त्या माणसानं सुरुवातीला स्टोव्हच्या पिना स्वतः केल्या की बाहेरून आणल्या? आपल्याकडे होता त्याची पिन सारखी अडकायची. पुस्तकाची दुसरी प्रत मिळत असली तर ज्ञानदेवच्या हाती दे. वाचायला म्हणून नको. पिनेचं बघायचंय.

कौशल्या


कोथरूड
१० ऑगस्ट, राखीचा दुसरा दिवस

ती. बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि मुखवट्यांशी आले तशी मिटून ठेवलं. मग परत उघडलं. मग नम्रतेला वाचायला दिलं, की मी चुकीचं तर वाचलं नाही. बाई, तुमच्या घरातून महालक्ष्म्या उठवायच्या, ही गोष्ट मला गिळवत नाही. तोंडावर तुम्हाला नाही म्हणायची माझी छाती कधी झाली नाही, म्हणून लिहून म्हणते. मी नाही नेणार.

गुडघ्यासाठी तेल पाठवते आहे. ओवा-लसूण घालून कढवलंय, वास येईल पण उतार पडेल. गुडघा सुटला की तुमचं मन आपोआप सुटेल, मला ठाऊक आहे.

पुस्तकही आहे सोबत. राजनंदिनी मुद्दाम अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरी प्रत घेऊन आली. पिनेचं तिसऱ्या अध्यायात आहे, मी सांगत नाही. आमच्याकडे आता कारखान्याची पायाभरणी चाललीय. परवा जत्रेचा अध्याय झाला. तो माणूस जत्रेत स्टोव्ह मांडून बसला, कुणी घेईना, तेव्हा त्यानं त्याच स्टोव्हवर चहा करून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाजला. मंदाकिनीनं डोळे पुसले. म्हणाली, असा नवरा पाहिजे होता. दीनानाथ उंबऱ्यावरून म्हणाले की पेठेत असताना त्यांच्या वडिलांनी चार घरचे स्टोव्ह बघून मग एक घेतला होता. मी म्हटलं, तुम्ही आत बसून सांगा. तर म्हणाले, नको, मी कामाला आलोय.

आणि मी आता गाणी ऐकते, बरं का. राजनंदिनी माझ्या कानांवर ते वाट्यांसारखं बसवते आणि तिच्या आवडीची एकेक लावते. त्यात दोन जाती आहेत. रॉक म्हणजे घुंगरं बांधलेली बैलगाडी, उतारावरून निघालेली. मेटल म्हणजे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, आणि तोही आपल्याच अंगावर येणारा. मला दुसरी जात जास्त आवडली. तिच्या लाडक्या एका गाण्यात आधी कितीतरी वेळ एकच तार हळू हळू वाजते, मला वाटलं हा काही धडाचं वाजवत नाही, आणि मग एकदम सगळे तुटून पडतात. मी खुर्चीला धरून बसले. आपल्या गावी गोंधळात संबळ चढायचा ना, अगदी तसं. शब्द एक कळत नाही. राजनंदिनीला म्हटलं, काय म्हणतोय गं तो? ती म्हणाली, जगाचा अंत झालाय, असं म्हणतोय. म्हटलं, असू दे, परत लाव.

पण बाई, पोरीचं तोंड उतरलंय. सोसायटीची मीटिंग झाली आणि ड्रम बंद. दीनानाथांनी जिन्यात पाटी लावलीय, ‘या इमारतीत माणसे राहतात. शंका असल्यास सचिवांना विचारावे.’ नियमानं बोलले ते, भांडायला जागाच ठेवली नाही. ढोल सगळे माझ्या कॉटखाली गेलेत. जागा कुठं मिळत नाही. पोरगी जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजवते आणि नम्रतेनं बघितलं की थांबते.

तेल रात्री लावा आणि फडकं गुंडाळा.

तुमची गोदा


लोणी काळभोर
गोपाळकाला, १६ ऑगस्ट

गोदे, आशीर्वाद.

गुडघ्याला काही झालेलं नाही. तेल ज्ञानदेव लावतो, त्याला बरं वाटतंय.

तू सगळ्यांना सांगत सुटायच्या आत मीच लिहिते. शेजारी राधा आहे, तिच्या नातवाचं बारसं होतं. माझे कान नुकतेच गेले होते. पाळणा मी म्हणायचा, हे ठरलेलंच, या आळीत दुसरं कोण म्हणणार. मी म्हटला. मला वाटलं नेहमीसारखाच म्हणतेय. बघते तर बाया एकमेकींकडे बघून पदराआड हसतायत, पोर पाळण्यात लाल होऊन रडतंय, आणि राधानं मला बघून ओठावर बोट ठेवलं. हळू, हळू. तेव्हा कळलं की मी ओरडत होते.

माझा आवाज मला पोचत नाही, गोदे. हळू बोलावं तर समोरचा कपाळाला आठ्या घालून पुढं वाकतो, मोठ्यानं बोलावं तर मागं सरकतो. माप गेलं. आपल्या घरात महालक्ष्म्यांपुढं रात्रभर गाणी कोण म्हणायचं, ते तू ऐकलंयस. आता मी बायांना बोलावू आणि तोंड मिटून बसू? की ओरडू? म्हणून मुखवटे ने म्हटलं. यावर मला धीर द्यायचं पत्र लिहू नकोस. मी वाचणार नाही.

तुझं पुस्तक वाचून संपलं. पिना त्यानं सायकलच्या तारेतून केल्या, शहाणा होता. पण तुला एक सांगून ठेवते, कारण तू बोटाखालचं अक्षर सोडून पुढचं बघणारी नव्हेस. शेवटच्या अध्यायात कारखाना बुडतो. घरोघर गॅस येतो आणि स्टोव्ह कुणी घेत नाही. समया लावून, बायांना बसवून तू बुडण्यावर पोथी मिटणार, आणि तुझी ती जया आयुष्यभर तुला बोलणार. म्हणून शेवटचा अध्याय झाला की पुस्तक मिटू नकोस. लगेच पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाच, मग मीट. कुठलीही पोथी अशीच मिटायची असते. सासूबाई करायच्या, तू तेव्हा प्रसादाकडे बघत असायचीस.

राजनंदिनीला सांग, ज्ञानदेवची कांद्याची खोली सध्या रिकामी आहे. समोर हायवे आहे, इथं ट्रकच रात्रंदिवस ओरडतात, तिच्या ढोलांचं कुणाला काय. आणि माझ्या कानांना त्रास होईल ही काळजी तर नकोच. हवं तेवढं बडवू दे.

टेम्पो ढोल घेऊन येईल, जाताना मुखवटे घेऊन जाईल. झालं.

कौशल्या


कोथरूड
२१ ऑगस्ट

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहिलं नसतंत तर आज माझं या बिल्डिंगमध्ये काय झालं असतं देव जाणे. शेवटचा अध्याय आजच वाचला.

गॅसची पहिली शेगडी गावात आली, तिथपर्यंत सगळ्या खुशीत होत्या. मंदाकिनी म्हणालीसुद्धा, तिचा नंबर लागला तेव्हा तिनं वाड्यात पेढे वाटले होते. वरची म्हणाली, मी तर शेगडीला हार घातला होता. मी पुढं वाचत गेले. मागणी घटली. माल पडून राहिला. कामगार एकेक करून गावाला गेले. भोंगा वाजायचा थांबला, तिथं जया हळूच म्हणाली, "म्हणजे आपणच की हो."

कुणी कुणाकडे बघेना. ज्या माणसासाठी महिनाभर डोळे पुसले, त्याला आम्हीच माळ्यावर टाकलं होतं, पितळेची मोड म्हणून विकलं होतं. त्यात दीनानाथ उंबऱ्यावरून म्हणाले, "अभिनंदन. एवढा कारखाना बुडवणं एकट्या बाईचं काम नव्हतं. एकजूट दिसते."

जयानं प्रसादाला हात लावला नाही, बाई. जयानं. मग मी काय समजायचं ते समजले. पुस्तक मिटलं नाही, पानं उलटी नेली आणि पहिल्या अध्यायाला बोट लावलं. तो माणूस परत पोरसवदा झाला, परत कंदिलांच्या काचा पुसायला लागला, परत त्याच्या मनात आलं की हे रॉकेल खालून दाबून पेटवलं तर. चार ओळी म्हणता म्हणता मी दोन पानं वाचली. बायांचे खांदे उतरले. शेवटी जयानं दोन वाट्या शिरा घेतला. आणि दीनानाथ, एवढे दिवस आत न आलेले, चपला काढून आत आले, राजनंदिनीच्या कपाटापुढं हात मागं बांधून उभे राहिले आणि विचारलं की पुढची पोथी कुठली लावणार. सायकलची लावा म्हणाले. त्यात बुडत नाहीत म्हणे, पण शेवटी भाऊ भांडतात.

आता तुमच्या पत्राचं. धीर द्यायचा नाही म्हणालात, देत नाही. पण एक केलं मी. तुमचं पत्र राजनंदिनीला वाचून दाखवलं. रागवायचं तर रागवा. ती ऐकून उठली. मग गॅलरीत जाऊन गंधारशी फोनवर कितीतरी वेळ इंग्रजीत बोलली. काय, ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, मोठ्या आजीकडचं ते पुस्तक हाताशी ठेवायला सांग.

रविवारी टेम्पो निघेल. मी येऊ शकत नाही, त्याच दिवशी समाप्तीचं जेवण ठरलंय, बायांना पुरण मीच घालणार. मुखवट्यांचं मी काही लिहीत नाही. टेम्पो येताना भरलेला असेल आणि जाताना रिकामा. त्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही थोरल्या.

तुमची गोदा


लोणी काळभोर
२५ ऑगस्ट

गोदे,

पहिला उतरला तो गंधार. मी म्हटलं हाच का तो रेडा. मला वाकून नमस्कार केला आणि आमच्या मांजराला उचलून घेतलं. मग राजनंदिनी, मग आणखी दोघं, मग ढोल. अगं किती ते ढोल. एक एवढा मोठा की ज्ञानदेवला वाटलं त्यात धान्य आणलंय. कांद्याची खोली झाडून ठेवली होती मी, तरी सालपटं उडत होती. वायरी लावल्या, पुढं पडदा लावलेल्या आवाजाच्या पेट्या मांडल्या, आणि मला जा म्हणतील म्हणून मी आपली दारात उभी. तर राजनंदिनीनं कांद्याचं एक रिकामं क्रेट पालथं घातलं, मोठ्या ढोलाला टेकवलं आणि मला त्यावर बसवलं. चपला काढायला लावल्या.

आणि मारलं गं तिनं.

मी ऐकलं असं नाही म्हणणार, खोटं कशाला. पण फरशीतून पायांत आलं, पायांतून क्रेटमध्ये, क्रेटमधून पाठीच्या मणक्यात. दारातून घरातल्या मांडणीवरचे डबे हलताना मला दिसत होते. पायानं ती मोठा ढोल मारते, एकामागं एक, जात्यावर दोघी बसल्या की खुंटा कसा फिरायचा तसा, तो थांबतच नाही. तुझा ट्रॅक्टर बरोबर आहे. पण मला त्यात दळण सापडलं. दोन वर्षांत माझ्या अंगात बाहेरून काही आलं नव्हतं. मी म्हटलं, "मला कळतंय गं पोरी." कसं म्हटलं, किती मोठ्यानं, देवाला ठाऊक. पोरगी रडत होती आणि वाजवत होती. हात थांबवला नाही तिनं, हे मला फार आवडलं.

गंधार गायला तेव्हा मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. शिरा एवढाल्या. असं ओरडतो तो, आणि त्याला बघून कुणी ओठावर बोट ठेवत नाही.

मग राजनंदिनीनं मोबाईलवर मोठमोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. लिहिलं होतं, मोठी आजी, गंधारचा आवाज ढोलांखाली दबतो. वरून जाणारा आवाज पाहिजे. पुस्तक वाचाल का?

मी नाही म्हणाले. ती ते अक्षर पुसेना. मोबाईल तसाच धरून उभी. तोवर दारात माणसं जमली होती. आळीतली पोरं, ज्ञानदेवचे भाजीवाले, आणि पुढं राधा. राधाला बघून मी पुस्तक मिटायला निघाले, पण तेवढ्यात खालून ढोल सुरू झाला आणि गोदे, मला माप सापडलं. ढोल जेवढा पायात येतो, त्याच्या वर बोलायचं. एवढंच. जत्रेचा अध्याय काढला. म्हणाले तेव्हा पोथीसारखा नाही म्हणाले, महालक्ष्म्यांपुढं म्हणायचे तसा म्हणाले, सगळ्या छातीनं. तो स्टोव्ह मांडून बसला आणि कुणी घेईना, तिथं राजनंदिनीनं हळू केलं. त्यानं आधण ठेवलं, तिथं तिनं चढवत नेलं. पहिल्या गिऱ्हाईकानं चहाचा घोट घेतला तेव्हा त्या चौघांनी जे काही केलं, त्यानं भिंतीवरची पाल खाली पडली.

मी राधाकडे बघितलं. तिनं हात वर केला. मला वाटलं आता ओठावर बोट. तिनं पंजा कानामागं धरला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, वर, अजून वर.

संध्याकाळपर्यंत चाललं. भाजीवाल्यांतला एक म्हणे ज्ञानदेवला विचारत होता, ही म्हातारी कुठली हाय, कुठल्या कंपनीत गाते. ज्ञानदेवनं मला ते लिहून दाखवलं आणि स्वतःच हसत बसला.

टेम्पो निघताना ज्ञानदेवनं मुखवट्यांची पेटी आणून बाहेर ठेवली होती. मीच सांगितलं होतं त्याला सकाळी. मी म्हटलं, आत ठेव. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही त्यानं काय विचारलं ते, म्हणून त्यानं परत टेम्पोकडे बोट दाखवलं. मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की राधा तिच्या घरातून बाहेर आली. पेटी आत आहे. काल रात्री मुखवट्यांना चिंच लावून घासलं.

राधा आणि आणखी आठ-दहा जणी रात्रीच्या गाण्यांना येणार आहेत. त्यांना मी सांगितलंय की यंदा गाणी वेगळी आहेत, कानात बोळे घालून या. तूही यायचंस, जयाला घेऊन, मंदाकिनीला घेऊन. त्या दीनानाथांनाही म्हणावं या, इथं उंबरा रुंद आहे. पुरणाची डाळ इथली चांगली शिजते, आणू नकोस. सायकलची पोथी आण.

ढोल कांद्याच्या खोलीतच आहेत, कापड घालून ठेवलेत. पोरं रविवारी परत येतो म्हणून गेलीत. ३१ तारखेला, महालक्ष्म्या यायच्या दिवशी.

कौशल्या